काचेवरचं बोट

"देव मेलाय का ह्यांचा," दाजीकाका माझ्या कानाशी पुटपुटले.

मी त्यांच्या ओसरीवर बसून पिशवीतून कॅमेऱ्याचा स्टँड काढत होते. म्हातारा माझ्या मागे जानव्याशी चाळा करत उभा होता. समोर फौजदार भोईटे भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीपुढे हात जोडून उभे होते. बिचाऱ्यांनी घरात शिरताना बूट काढले होते, टोपी काखेत धरली होती, आणि म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून कोनाड्यातल्या वाटीतलं गंध बोटावर घेऊन दत्ताच्या कपाळाला लावलं होतं. नेमकं तिथंच बिघडलं.

"देवाला अनामिका," दाजीकाका पुटपुटत राहिले. "करंगळीशेजारचं बोट. हे तर्जनीनं लावतायत. तर्जनी गेलेल्या माणसांना. फौजदार झाले, पण कुठलं बोट कुठं ते ठाऊक नाही."

"त्यांची बोटं बंदुकीवर, काका," मी हळूच म्हटलं. "त्यांना कुठलं कळायला."

"मग बंदुकीला लावावं गंध."

दत्ताच्या शेजारी त्यांच्या बायकोची तसबीर होती. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या कपाळावर सकाळचं गंध वाळलेलं होतं, एक उभी रेघ, पट्टीनं आखल्यासारखी. दाजीकाकांनी भोईट्यांची पाठ वळायची वाट पाहिली, पंचाच्या टोकानं दत्ताचं कपाळ पुसलं आणि अनामिकेनं नवं गंध लावून टाकलं. मग कुठं त्यांचा श्वास खाली बसला.

ह्या गोष्टीला आता पंचवीसएक वर्षं झाली. तेव्हा माझं कराडात फोटोचं दुकान होतं. दुकान खरं नवऱ्याचं, पण त्याची हौस पाटी रंगवण्यापुरती. त्याला कंटाळा आला म्हणून कॅमेरा माझ्या हातात आला. शिकवायला कोणी नव्हतं. कागद काळे करून, फिल्मी वाया घालवून, औषधात ब्लाउजच्या बाह्या बुडवून मी शिकले. लग्नं, मुंजी, पासपोर्ट, आणि पोलिसांनी बोलावलं की प्रेतं. प्रेतांचं एक बरं असतं. ती हलत नाहीत, आणि नाक जाड आलंय म्हणून फोटो परत आणून देत नाहीत.

ठशांचं काम माझ्याकडे आलं ते कुरणे साहेबांमुळे. बोटांचे ठसे जुळवायचे ही त्यांची सरकारी नोकरी. माणसांचे चेहरे त्यांच्या मुळीच लक्षात राहत नसत. गर्दीत ते बायकोलाही बांगड्यांवरून ओळखतात, असं ती स्वतःच सांगायची. पण बोटाच्या रेषा एकदा पाहिल्या की विसरत नसत. एरवी ते काळी पूड टाकून, ब्रशनं झटकून ठसा वर आणायचे. जिथं पूड चालत नसे तिथं मला बोलवायचे. न दिसणारा ठसा नुसत्या उजेडानं दिसायला लावायचा आणि त्याचा फोटो घ्यायचा, एवढं माझं काम.

त्या दिवशी पूड चालत नव्हती, कारण दाजीकाकांनी सांगून टाकलं होतं, "माझ्या मुलाच्या तोंडाला काळं फासू देणार नाही."

ठसा होता तो त्यांच्या मुलाच्या फोटोवर. श्रीपाद त्यांचा एकुलता. बापाची भिक्षुकी न करता त्यानं वडापाची, गावोगावचे उतारू भरून न्यायची जीप घेतली होती. एका सकाळी शाळेला निघालेली एक मुलगी त्या जीपखाली आली. पोलिसांनी त्याला पकडलं, दहाही बोटांचे ठसे घेतले, बाप जामीन राहिला म्हणून सोडलं. आणि दिवाळीच्या तोंडावर तो घरातून गेला तो गेलाच. त्याला आता तीन वर्षं होत आली होती. कोर्टाचं वॉरंट होतं. दर महिन्याला चौकीवरून कोणीतरी येऊन विचारून जायचं, आणि दर वेळी दाजीकाका सांगायचे, "आला नाही."

मग ह्या पितृपक्षात सुनेला फोटोवर बोट दिसलं.

वैजयंती तिचं नाव. तिशीची असेल. गावच्या बालवाडीत शिकवायची. मोठं ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या, आणि बोलताना डोळे सतत दाराकडे. तिनंच आम्हाला आतल्या खोलीत नेलं. फोटो तिच्या खाटेसमोर होता, वर जुनं वर्तमानपत्र टाचलेलं.

"धूळ बसू नये म्हणून झाकला," ती म्हणाली. "ही काच मी रोज ओल्या फडक्यानं पुसते. दुसरं कोणी हात लावत नाही. परवा बालवाडीतून आले, दुसऱ्या दिवशी सकाळी पुसायला गेले तर हे."

"कुठं, काही दिसत तर नाही," भोईटे फोटोला नाक लावून म्हणाले.

"समोरून नाही दिसायचं. सकाळी त्या खिडकीतून ऊन तिरकं येतं ना, तेव्हा दिसतं. मागच्या वर्षीही ह्याच दिवसांत दिसलं होतं. तेव्हा पुसून टाकलं आणि मग रात्रभर झोप नाही लागली. ह्या वेळी नाही पुसलं."

ते तिनं शेजारणीला सांगितलं होतं. शेजारणीकडून चौकीपर्यंत जायला वेळ कितीसा लागतो.

"म्हणजे गडी वर्षातनं एकदा येतो," भोईटे म्हणाले. "बायकोला भेटत नाही, बापाला भेटत नाही, स्वतःच्या फोटोला हात लावून जातो. कमाल आहे राव. आता ठसा निघूदे. त्याचा निघाला की जवळपासच्या सगळ्या पाहुण्यांच्यात शोध लावतो."

"फोटो चौकीवर न्यायचा का," कुरणे साहेबांनी विचारलं.

"घराबाहेर जाणार नाही," दाजीकाका दारातून म्हणाले. "पक्ष चालू आहे. ह्या दिवसांत घरातल्या माणसाचा फोटो भिंतीवरून उतरवून बाहेर काढू? जे करायचं ते इथंच करा. आणि लवकर करा."

मग दुपारच्या टळटळीत उन्हात आम्ही त्या खोलीत अंधार केला. खिडकीवर घोंगडी, दारावर सतरंजी, कौलांच्या फटीत कापडाचे बोळे. कुरणे साहेबांनी काचेच्या कोपऱ्यावर खूण केली, पक्कडीनं मागचे खिळे काढले आणि कडा धरून काच अलगद वेगळी केली. खाली नुसता फोटो राहिला. वैजयंती पुढे झाली आणि वाकून बघत राहिली.

"काचेशिवाय किती दिवसांनी बघतेय," ती म्हणाली. मग स्वतःशीच, "कॉलर उसवलीय की. तेव्हा दिसलं नव्हतं."

मी दोन पाट उभे करून त्यांच्यामध्ये काच बसवली. मागे हातभर अंतरावर काळी मखमल, माझ्याच एका जुन्या झंपराची. दिव्याला पत्र्याची नळी लावून एकच बारीक झोत ठेवला होता. तो काचेवर समोरून टाकला की नुसती चकाकी. थोडा खाली घेतला, काही नाही. आणखी खाली, अगदी काचेला घासून जाईल असा, आणि मखमलीच्या काळ्यावर काहीतरी उमटलं. आधी धुरकट. मग मी दिवा केसभर फिरवला आणि रेषा उभ्या राहिल्या. पांढऱ्या, बारीक, एकीत एक वळलेल्या. माणसाचं बोट हवेत टेकून कोणी निघून जावं, तसं.

वैजयंतीचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"हलू नका कोणी," मी म्हटलं, कारण जमीन शेणाची होती आणि पाट हलकेच डुलत होते. मी फोटो घेत गेले. दिवा डावीकडून, दिवा वरून, वेळ कमी, वेळ जास्त. ठसा स्वच्छ नव्हता. त्याच्यावरून कापड फिरलं होतं. खालचा अर्धा भाग पुसटला होता, वरचा शाबूत होता.

"पुसायचा प्रयत्न झालाय," कुरणे साहेब भिंगातून बघत म्हणाले. "आणि बघा, एकच बोट. फोटो उतरवताना माणूस कडेला धरतो, चार बोटं इकडं, अंगठा तिकडं. हे मधोमध एकटंच."

"लाडानं गाल धरला असंल स्वतःचा," भोईटे म्हणाले. त्यांनाच ते फारसं रुचलं नाही.

काच परत बसवायचं काम माझ्याकडे आलं. खुणेला खूण जुळवून मी ती फोटोवर ठेवली आणि शेवटचा एकदा झोत तिरका धरला. ठसा गालावर नव्हता. दोन भुवयांच्या मध्ये होता, आणि तिथून वर जराशी पुसट रेघ गेली होती. काचेजवळ तोंड नेलं तेव्हा चंदनाचा वास आला. भिक्षुकाचं घर, तिथं कपड्यांच्या ट्रंकेलाही चंदनाचा वास येतो. मी खिळे ठोकले.

हात धुवायला स्वयंपाकघरात गेले तर वैजयंती मागोमाग आली. चुलीवर चहाचं आधण होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"पद्माताई, ठसा त्यांचाच निघाला तर?"

"तर ते हयात आहेत आणि इथं येऊन गेले."

"आणि पकडतील."

"शोधतील. सापडले तर पकडतील."

तिनं पदरानं पातेलं उतरवलं. "निघूदे त्यांचाच. माझ्यावर रागवा हवं तर. शेजारीण म्हणते, नवऱ्याला तू धरून दिलंस. पण तुरुंगात असलेला माणूस दिसतो तरी. महिन्यातनं एकदा डबा घेऊन जाता येतं. इथं मी रोज कुंकू लावते आणि मनात म्हणते, आज कुणासाठी लावलं. बोलता येत नाही हे कुणाजवळ. मामंजींजवळ तर नाहीच. त्यांच्यापुढे मी असं वागते की ते उद्या येणार आहेत. मामंजीही तसंच वागतात. ताट वाढताना एक पाट जास्त मांडायला लावतात."

"त्यांचा नाही निघाला तर?"

"तर मग कुणाचं बोट आलं माझ्या खोलीत?" ती म्हणाली, आणि कपांकडे वळली.

चहा झाला. कुरणे साहेबांनी शाईची पाटी काढली. घरातल्यांचे ठसे वगळायला लागतात, म्हणून दोघांचेही घ्यायचे होते. वैजयंतीनं मुकाट हात पुढे केले. दाजीकाका म्हणाले, "माझे कशाला? मी काय आरोपी?"

"नियम आहे, आजोबा."

नियम म्हटल्यावर म्हाताऱ्याचा इलाज चालेना. सगळं आयुष्य दुसऱ्यांना नियम सांगण्यात गेलेलं. श्राद्धाला कुठली भाजी चालते, सुतक किती दिवस, विधवेनं कुठल्या कार्यात कुठं बसायचं, सगळं गाव त्यांनाच विचारायचं. त्यांनी उजवा हात पुढे केला. पहिल्या बोटाचं टोक गंधानं पिवळं होतं. कुरणे साहेबांनी स्पिरिटचा बोळा घेऊन ते साफ केलं आणि शाई लावली.

मी सामान भरून ओसरीवर आले तर दाजीकाका माझ्यासाठी थांबले होते. बोटांची शाई पंचाला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरलेले.

"बाई, तुमचे फोटो कधी बिघडतात का हो?"

"पुष्कळ."

"उजेड जास्त झाला, पाणी लागलं, असं काहीतरी."

"होतं."

"तसा एखादा हा बिघडला तर कुणाला कळायचंय." ते माझ्याकडे बघत नव्हते, अंगणातल्या तुळशीकडे बघत होते. "म्हाताऱ्याचं एवढं ऐका. ती पोर आशेवर आहे. आशेवरच राहूदे."

मला वाटलं, मुलाला वाचवायला बघतायत. एक फिल्म उजेडात धरायला लागतो किती वेळ. पण आत कप विसळत असलेली ती मला दिसत होती, आणि आज कुणासाठी लावलं, हे तिचं बोलणं माझ्या कानात होतं.

"काका, माझ्या हातून बिघडलेत ते चुकून बिघडलेत," मी म्हटलं. "मुद्दाम कसं बिघडवायचं ते मला कोणी शिकवलं नाही."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. नुसते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानाचं अर्धं शटर ओढून आम्ही बसलो. काळोख्या खोलीत तांबड्या दिव्याखाली मी ठसा मोठा केला. इथं एक भानगड असते. काळ्या मखमलीवर रेषा पांढऱ्या आल्या होत्या, शाईच्या ठशात त्या काळ्या असतात. पांढऱ्याला काळा आणि काळ्याला पांढरा केल्याशिवाय जुळवता येत नाही. म्हणून फिल्मवरून दुसरी फिल्म केली. पुन्हा ती यंत्रात उलटी पडली तर उजव्या बोटाचं डावं होऊन बसतं. मी तीन-तीनदा तपासत होते आणि बाहेर भोईटे स्टुलावर बसून माझ्या दुकानातल्या नवऱ्या-नवरीचे फोटो बघत होते.

"बाई, सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलंय, कॅमेऱ्याकडं कुणीच नाही."

"लग्नाचा पहिला आठवडा असतो, साहेब. नंतर बघतात कॅमेऱ्याकडं."

ओला कागद काचेला चिकटवून मी बाहेर आणला. कुरणे साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलला, भिंग डोळ्याला लावलं आणि श्रीपादच्या दहा बोटांचा कागद शेजारी ठेवला. टाचणीच्या टोकानं ते एकेक रेष मोजायचे. कुठं फुटते, कुठं तुटते, कुठं दोन होऊन पुन्हा मिळते. भोईट्यांनी विडी काढली, माझ्याकडे बघून परत ठेवली.

उजवा हात झाला. डावा झाला. कुरणे साहेबांनी पुन्हा उजवा घेतला.

"नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"श्रीपादचा नाही. एकाही बोटाचा नाही."

मी काळोख्या खोलीकडे वळले. "साहेब, थांबा. मी उलटा तर नाही ना छापला?" आत जाऊन फिल्म दिव्यासमोर धरली. कोपऱ्यातली खूण जागच्या जागी होती. बरोबरच होता. बाहेर येऊन मी मान हलवली. मला वैजयंती आठवली आणि वाटलं, उलटा असता तर बरं झालं असतं.

कुरणे साहेबांनी तो कागद बाजूला सारला आणि कालचे दोन पुढे ओढले. सुनेचा लवकर संपला. मग दाजीकाकांचा. ह्या वेळी टाचणी फार वेळ फिरली नाही.

"म्हातारा," ते म्हणाले.

"आयला," भोईटे म्हणाले. "म्हणजे एवढा उद्योग केला तो म्हाताऱ्यानं धूळ झटकली म्हणून. चला, जबाब घेऊ आणि प्रकरण मिटवू. बाई, तुम्हीही चला. ठशाचा मोठा फोटो त्यांना दाखवायला लागंल."

मला जायचं नव्हतं. पण तिला कोणीतरी बाईमाणसानं सांगावं असं वाटलं, म्हणून जीपमध्ये बसले.

वैजयंती दारातच होती. तिनं आधी भोईट्यांचं तोंड पाहिलं, मग माझं. मी काही बोलायच्या आत तिला कळलं.

"त्यांचा नाही," ती म्हणाली.

"नाही."

तिनं दाराच्या चौकटीला हात टेकला, तेवढंच. मग बाजूला होऊन आम्हाला आत येऊ दिलं. दाजीकाका ओसरीवर सहाणेवर चंदनाचं खोड उगाळत बसले होते. उठले नाहीत. काकूंच्या तसबिरीवर आजचं गंध अजून लागायचं होतं.

भोईटे सतरंजीवर बसले, मांडीवर कागद घेतला. "आजोबा, घाबरवलंत की राव आम्हाला. ठसा तुमचाच आहे. तुमचा मुलगा काही आलेला नाही. फोटोला तुम्ही हात कधी लावला, कशाला लावला, एवढं सांगा. लिहितो आणि जातो."

"धूळ पुसली असेन," दाजीकाका म्हणाले. खोड फिरत राहिलं.

"धूळ मी पुसते, मामंजी," वैजयंती म्हणाली. "रोज."

"मग नसेल ध्यानात. म्हातारपण."

"बरं, धूळ," भोईटे लिहायला लागले.

कुरणे साहेबांना अपुरं काही चालत नसे. त्यांनी ठशाचा फोटो पुढे सरकवला. "ठसा उजव्या हाताच्या तर्जनीचा आहे. जागा फोटोतल्या इसमाचं कपाळ. तसंही लिहा."

खोड थांबलं.

मी वैजयंतीकडे बघत होते. तिनं ठशाच्या फोटोकडे पाहिलं. मग मान वर करून काकूंच्या तसबिरीकडे. मग म्हाताऱ्याच्या हाताकडे. सहाणेवरचं गंध त्यांनी बोटावर घेतलेलं होतं, पहिल्या बोटावर, तर्जनीवर, आणि तो हात तसाच अधांतरी राहिला होता. कालची शाई नखांच्या कडेला होती.

ती हळूच त्यांच्यासमोर खाली बसली.

"मामंजी," ती म्हणाली, "तिथी कुठली?"

"कसली तिथी?" भोईट्यांनी मला विचारलं. मी त्यांना हातानंच गप्प राहायला सांगितलं.

अंगणात कावळे ओरडत होते. पितृपक्षात गावचे कावळे माजलेले असतात, जेवायला बोलावल्याशिवाय येत नाहीत. दाजीकाकांनी गंधाचं बोट पंचाला पुसलं. काल शाईपासून जपलेल्या पंचाला पुसलं.

"सप्तमी," ते म्हणाले. "माघ वद्य."

"कुठं?"

"दत्ताच्या वाडीच्या खाली. नदीला. तिथल्या चौकीवर कोणी बेवारस आणलाय असं कानावर आलं, म्हणून एकटाच गेलो. तू म्हणालीस, एवढ्या थंडीत कुठं निघालात. मी म्हटलं, दत्ताचं दर्शन घेऊन येतो." ते सहाणेशी बोलत होते. "त्यांनी चादर बाजूला केली. विचारलं, आजोबा, तुमचा का? मी म्हटलं, नव्हे."

भोईट्यांचा हात कागदावर थांबला. कुरणे साहेबांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले.

"का, मामंजी?"

"होय म्हटलं असतं तर घरी येऊन तुला सांगावं लागलं असतं. आणि मग पुढचं सगळं. कपाळ, गळा, हात. गौरींना कोण शिवणार, हळदीकुंकवाला कुणी कुठं थांबायचं. गावाला हे मीच सांगत आलो. तुला सांगायची वेळ आली आणि माझ्याच्यानं तोंड उघडवेना. मग म्हटलं, जोवर मी बोलत नाही तोवर तुझं सगळं जागच्या जागी."

"आणि त्यांचं? त्यांचं कोणी केलं?"

"त्यांनीच केलं, चौकीच्या माणसांनी. मी लांब उभा होतो. आमच्यात बापानं मुलाचं श्राद्ध करायचं नसतं. पहिलं वर्ष सोडलं. मग तू बालवाडीत गेलीस की पक्षातल्या सप्तमीला गंध लावायचो आणि पुसून टाकायचो. एवढंच. पुसायचो नीट. डोळ्यांना दिसत नाही आता."

मला वाटलं ती रडेल, ओरडेल, निदान कुंकवाला हात लावेल. तिनं काहीच केलं नाही. ती त्यांच्याकडे बघत होती, बालवाडीतल्या पोराच्या तोंडून अडलेलं अक्षर यायची वाट बघावी तशी.

"अजून तुम्ही म्हणाला नाहीत, मामंजी."

"काय?"

"नदी सांगितलीत. तिथी सांगितलीत. ते नाही म्हणालात. मीही तीन वर्षं म्हटलं नाही. आता एकदा म्हणा. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

म्हाताऱ्यानं वर पाहिलं. त्या घरात शिरल्यापासून मी पहिल्यांदाच त्यांना कुणाच्या तरी डोळ्यात बघताना पाहिलं.

"श्रीपाद गेला, वैजू," ते म्हणाले.